दोन बोटं जास्त

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उलट लोक हसतील. तरी लिहितेय, कारण हे माझ्याच घरात घडलं. तेही भर दुपारी, सव्वादोनच्या सुमारास. दुसरा मजला, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, दिवसभर कानशीची खरखर.

माझी आई कपडे शिवायची. मीही तेच करते.

लहानपणी शाळेतून आले की ती मला मशीनशेजारी उभी करायची. खांदा, कंबर, मग उंची. मी उंच म्हणून मला 'शिडी' म्हणायची. खडूऐवजी ती झिजून पातळ झालेली साबणाची वडी वापरायची, त्यामुळे माझ्या प्रत्येक नव्या फ्रॉकला तिच्या हातांचा वास असायचा. आणि माप घेऊन झालं की खाली दोन बोटं जास्त सोडायची.

"पोर वाढतं," म्हणायची. "कापड आडवं येऊ नये."

इतका जीव मला पुन्हा कुणी लावला नाही.

एकच गोष्ट तिला खपायची नाही. एकदा मी झोपलेल्या धाकट्या भावाला टेप लावली, तर तिने माझ्या हातावर फटका मारला. आयुष्यात मारलेला तो एकच.

"उभ्या माणसाचं माप घ्यायचं. आडव्याचं एकदाच घेतात, शेवटच्या कापडासाठी."

हे मी विसरले.

सहा महिन्यांपूर्वी आईने अंथरूण धरलं. उठून बसताही येईना. पुढून उघडणारा सैल गाऊन शिवावा म्हणून एका दुपारी, ती झोपेत असताना, मी टेप लावली. डोक्यापासून पायापर्यंत.

पायाशी पोहोचले आणि वर पाहिलं...

तिचे डोळे उघडे होते.

"माझं माप घेतलंस?"

त्या आवाजात माया नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. गाऊन अर्धाच राहिला.

तिचं मशीन मी आठवण म्हणून माझ्या घरी आणलं.

मशीन आणल्यावर चौथ्या दुपारी माझी सात वर्षांची लेक आतल्या खोलीत झोपली होती. मी बाहेर काजं करत बसले होते. खालची कानस थांबली.

टक्...

टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी फरशीवर आपटली की होतो, तो आवाज. आईच्या पोटात असल्यापासून मी तो ऐकत आलेय. पण टेप तर माझ्या गळ्यातच होती.

आत गेले. कुणी नव्हतं.

लेक सरळ पडली होती, हात अंगाला लावून. ती अशी कधीच झोपत नाही. तिची झोप म्हणजे कुस्ती. निळ्या चादरीवर तिच्या डोक्याशी एक पांढरी रेघ होती... आणि पायांखाली दुसरी. बरोबर दोन बोटं सोडून.

खोलीत साबणाचा वास होता.

नवरा म्हणाला, पोरीनेच खेळताना ओढल्या असतील. दुसऱ्या दुपारी पोर उठून मला म्हणाली,

"आजी म्हणते हलू नको. तिचे हात खूप गार आहेत."

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. चूक माझी आणि सूड नातीवर? मी चादर आपटून आपटून धुतली. लेकीला दुपारी झोपू देईना. पण तिला ताप भरला, डोळे उघडे राहीनात. रेघा पुन्हा उमटल्या. ताप चढतच गेला.

शेवटी मी मशीनसमोर जाऊन उभी राहिले. शाळेतून आल्यावर राहायचे तशीच, हात सैल सोडून.

"आई, माप मी घेतलं होतं. घ्यायचंच तर माझं घे."

आत टक् झालं... मग काहीच नाही.

संध्याकाळी लेकीचा ताप उतरला. तिच्या चादरीवर त्यानंतर एकही रेघ आली नाही.

तेव्हापासून मी दुपारी पाठ टेकली नव्हती. काल मात्र काम करून पाठ भरून आली. पाचच मिनिटं पडले आणि डोळा लागला.

जाग आली ती साबणाच्या वासाने...

डोक्याशी रेघ होती. पायाशीही होती. मी बोटं लावून पाहिली, पुन्हा पाहिली. खालची रेघ माझ्या टाचेला चिकटून होती.

माझ्यासाठी आईने या खेपेला दोन बोटं सोडली नाहीत.