मैल एकशे बाराचा आवाज

"चल ना गं डेला! नदी काय आपली वाट बघत थांबणारेय?" टॉवेल खांद्यावर टाकत बॉइडनं आपल्या मामेबहिणीला तिसऱ्यांदा हाक मारली.

"पाचच मिनिटं! आई चालवतेय ती मालगाडी आत्ताच गेलीय. बडबड्या बोलतो का ते ऐकू दे."

"बडबड्या मेला! त्या खोक्यातून आता नुसती घरघर येते."

ऑल्विन आजोबा खिडकीशी त्या खोक्याला कान लावून बसले होते. नेब्रास्कातल्या याच मार्गावरच्या गाड्यांना त्यांनी चाळीस वर्षं रेडिओवरून हुकूम दिले होते. घरातसुद्धा ती सवय सुटली नव्हती. साधं दूध आणायला सांगितलं, तरी पोरांकडून ते परत म्हणवून घ्यायचे आणि ‘बरोबर’ म्हणून वेळ लिहायला लावायचे! नजर गेल्यापासून त्यांना रेल्वेची रेडिओवरची बोलणी ऐकवणाऱ्या त्या जुन्या स्कॅनरचाच आधार होता. कुठली गाडी कुठे अडकलीय, कुठला ड्रायव्हर चिडलाय, सगळं त्यांना बसल्या जागी कळायचं. गेल्या सोमवारी रेल्वेचे रेडिओ डिजिटल झाले आणि स्कॅनरमधली माणसं एका दिवसात नाहीशी झाली. तरी आजोबा रोज सकाळी तो लावायचेच. डेलाला ते बघवत नसे.

बडबड्या म्हणजे रुळाकाठचं तपासणी यंत्र. गाडी गेली, की चाकं आणि त्यांच्या जोड्या जोडणारे अॅक्सल एकेक मोजून-तपासून ते रेडिओवर बोलायचं, "मैल एकशे बारा. दोष नाही." काल आजोबा म्हणाले होते, की ते अजून बोलतंय. त्यावर आई हसली होती. "बाबा, ते बंद केलंय. नव्या रेडिओवर येईपर्यंत त्याची वाट बघू नका, असा आम्हाला लेखी हुकूम आहे. भास झाला असेल तुम्हाला."

आजोबा रात्री नीट जेवले नव्हते.

एकाएकी घरघर थांबली.

"मैल एकशे बारा," खोक्यातून तोच सपाट आवाज आला. "बेअरिंग तापलं आहे. अॅक्सल एकशे अठरा. गाडी थांबवा."

बॉइडच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. "अगं, हा बंद होता ना?"

"कुणी बंद केलाच नाही!" डेला ताडकन उठली. "जुन्याच रेडिओवर बोलतोय तो. आईकडे नवा आहे. तिला हे ऐकूच येणार नाही!"

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "पुढं अठरा मैलांवर लाकडी पूल आहे. त्यावर ते बेअरिंग तुटलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तुझ्या आईला, जोलीनला, फोन लागणार नाही. ड्यूटीवर बंद ठेवावा लागतो. रेल्वे फाटकावरची निळी पाटी! पळा!"

दोघं मक्याच्या बांधावरून धावत सुटली. पाटीवर संकटात रेल्वेला लावायचा नंबर होता. बॉइडनं तो लावून फोन डेलाच्या हातात दिला. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"बाळ, ते यंत्र बंद आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "कागद आहे माझ्यासमोर. सुट्टीत दुसरा खेळ नाही सापडला?"

डेलानं फोन कानाशी घट्ट धरला. काय सांगू याला? मग तिला आजोबांचं दूध आठवलं. परत म्हणून दाखवेपर्यंत सांगणारा जबाबदारीतून सुटत नाही, आणि एकदा म्हटल्यावर ऐकणारा सुटत नाही. रेल्वेत हा नियम कुणी मोडत नाही, असं आजोबा सांगायचे.

"ठीक आहे. मग मी सांगितलेलं परत म्हणा. वेळेसकट, तुमच्या नावासकट. फोन रेकॉर्ड होतो ना तुमचा?"

"अगं पोरी..."

"म्हणा!"

त्यानं सुस्कारा सोडला. "मैल एकशे बारा. बेअरिंग तापलं आहे. अॅक्सल एकशे अठरा. वेळ एक सेहेचाळीस. ड्वेन..." आडनावाशी तो अडखळला. आपण काय म्हणतोय, ते त्याला आत्ता ऐकू आलं होतं. "अॅक्सलचा आकडा तुला कुणी सांगितला?"

"त्या यंत्रानंच!"

खुर्ची धाडकन सरकली. "जोलीनची गाडी थांबवा!" तो कुणावर तरी ओरडत होता. "आत्ताच्या आत्ता!" आणि फोन बंद झाला.

दोघं घरी येऊन आजोबांजवळ बसली. स्कॅनर घरघरत होता. गाडी थांबली की नाही, कळायला मार्गच नव्हता.

"पूर्वी ऐकू आलं असतं," आजोबा पुटपुटले. डेलानं त्यांचा हात सोडला नाही. नदीचं नाव कुणीच काढलं नाही.

आई संध्याकाळी आली. तिचे हात काळेकुट्ट होते, बरोबर रेल्वेचे एक अधिकारी होते. पुलाच्या अलीकडे दोन मैलांवर गाडी थांबली होती. एकशे अठरावा अॅक्सल लालभडक झाला होता.

टोपी हातात घेऊन अधिकारी म्हणाले, "यंत्र बंद झालं असं आम्ही कागदावर लिहिलं आणि बघायला कुणी गेलंच नाही. चूक आमची आहे. पोरांनो, आज तुम्ही आमच्यापेक्षा चोख काम केलंत! उद्या सकाळीच ते नव्या रेडिओवर जाईल."

"म्हणजे आजोबांचा स्कॅनर...?" बॉइडनं विचारलं.

"गप्प होईल," आजोबा म्हणाले. "होऊ दे. ज्यांनी ऐकायला हवं, ते ऐकतील."

आई त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, काल तुम्ही सांगितलंत आणि मी हसले. आता परत म्हणते. मैल एकशे बारा अजून बोलतंय."

आजोबांनी चाचपडत तिचे काळे हात धरले.

"बरोबर," ते म्हणाले. "डेला, वेळ लिहून घे."