बर्फ झाडणारा

जानेवारीतल्या त्या सकाळी हार्लेमच्या म्युझियममध्ये मी नुसती धुमसत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या एका छापील चित्राखाली मी लिहिलेली पाटी साहेबांनी परस्पर बदलली होती. आता तिथं होतं — 'गोठलेल्या कालव्यावर सगळे समान!' चित्रात मखमली झग्यातली बाई घसरगाडीत बसलेली, आणि कोपऱ्यात फाटक्या कोटातला माणूस झाडू मारतोय. समान म्हणे! समान, डोंबल!

"बानफेखर..." शेजारी कुणीतरी पाटीवरचा डच शब्द लावत होतं. "बान म्हणजे नोकरी, फेखर म्हणजे झाडणारा. अरेच्चा, हा तर एचआरवाला!"

"अहो, काहीही काय!" मी उसळलेच. "इथं बान म्हणजे बर्फावरची वाट. तो ती झाडतो, म्हणून बाईसाहेबांची गाडी सुळकन जाते!"

तो वळला. लाल मफलर आणि... हसरे डोळे. "मराठी? आणि सकाळी दहालाच एवढी चिडकी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. परवाच मला झाडून टाकलंय नोकरीवरून. म्हटलं, ओळखीचा निघाला."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

त्याचं नाव अभिराम. मूळचा पुण्याचा, राहायला इथल्याच डीमन गावात. मग दर शनिवारी तो यायचा, आम्ही कॉफी प्यायचो, भांडायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यानं मला स्केटिंगला नेलं. मी कडेच्या बाकावर बसले. तो पायाशी गुडघा टेकून माझ्या नाड्या बांधू लागला... आणि खाली बघतच म्हणाला, "रविवारी परत चाललोय. कायमचा."

"आणि हे आत्ता सांगतोस? नोकरी शोधायला परमिटचे अजून पाच आठवडे आहेत ना?"

"बावीस ठिकाणांहून नकार आलाय, ऋजुता. माझ्यासारख्यानं तुला काय विचारायचं?"

माझं डोकंच फिरलं. "माझ्यासारख्यानं म्हणजे? मान वर कर आधी! असे खाली मान घातलेले रोज बघते मी चित्रांत, तोंडच दिसत नाही त्यांचं. तुझं मला दिसलं पाहिजे! आवडतोस तू मला... गाढवा!"

त्यानं वर पाहिलं. मी बाकावरून उतरले, थेट बर्फावर फतकल मारली आणि त्याच्या बुटाची नाडी ओढून बांधायला घेतली.

"तिकीट रद्द कर. बान शोध."

"कुठली?" तो हळूच म्हणाला. "नोकरी... की वाट?"

"दोन्ही! आणि माझी उजवी नाडी सैल बांधलीयस. ती नीट बांध."