वायरचं पलीकडचं टोक

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावात राउटर बसवायचा म्हणजे निम्मं काम दगडाशी भांडायचं. इथली अर्धी माणसं टेकडीच्या पोटात कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडतं आणि आत आमच्या बिळांत गारवा. बिळं हा आमचाच शब्द, परक्यानं म्हटला तर राग येतो. सगळं सुख आहे, फक्त सिग्नल एका भिंतीपलीकडे जात नाही. राउटरच्या खोक्यावर छापलेलं असतं, घराच्या मध्यभागी ठेवा. अरे बाबांनो, आमच्या घराच्या मध्यभागी डोंगर असतो.

माझे वडील ग्रीसहून ओपलची रत्नं शोधायला इथं आले. ओपल काही मिळालं नाही, मी मात्र झाले. खाणीत जायचं नाही हे मी लहानपणीच ठरवलं होतं, म्हणून वायरमनचं काम शिकले. पण गंमत बघा, रोज भिंती पोखरायच्या काही सुटल्या नाहीत.

बार्बा यूरेंचं काम नेवेंकानं, त्यांच्या मुलीनं, ॲडलेडहून फोन करून सांगितलं. आम्ही दोघी एका वर्गातल्या. ती तिकडे नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात बार्बा स्वयंपाकघरात पडले आणि दिवसभर तसेच पडून राहिले, तेव्हापासून ती धास्तावलेली.

"मला रोज संध्याकाळी त्यांचं तोंड दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "झोपायच्या खोलीतसुद्धा. नाहीतर ईस्टर झाला की मी त्यांना घेऊन येणार. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीये."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. फोन आपटला त्यांनी."

बार्बा म्हणजे काका. त्यांच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरही म्हणतात आणि आम्हा ग्रीकांतही, म्हणून अख्खं गाव त्यांना बार्बाच म्हणतं. घर त्यांनी स्वतःच्या हातानं खणलेलं. जोडून सुट्टी आली की लोक घराला रंग द्यायला घेतात, बार्बा आणखी एक खोली काढायचे. तोंका, त्यांची बायको, गेल्यावर खणणं थांबलं.

मी गेले तेव्हा ते दारातच उभे होते, टॅबलेट छातीशी धरून.

"पोरी, हे चाललं नाही ना, तर मला त्या पांढऱ्या खोलीत नेऊन ठेवतील. खिडकीपाशी. मला खिडक्या आवडत नाहीत गं."

"चालेल, बार्बा. चालवायला तर आलेय."

टेकडीवर सिग्नलची ताटली बसवली, हवेच्या पाइपातून वायर खाली आणली, बैठकीत राउटर ठेवला. बैठकीत झकास चालला. झोपायची खोली भिंतीच्या मागं, तिथं नावालाही सिग्नल नाही. ते मला ठाऊकच होतं. भिंतीला लांब ड्रिलनं भोक पाडायचं, वायर आत सारायची, पलीकडे सिग्नल पसरवणारी एक लहान डबी लावायची, झालं काम. माझी सवय अशी की राउटरकडचं टोक आधी पिन बसवून लावून टाकायचं. दुसरं टोक तसंच उघडं भोकातून सारायचं आणि पलीकडे गेल्यावर त्याला पिन बसवायची.

हातानं कोरलेल्या घरात काटकोन नसतो. भिंत कुठं फुगलेली, कुठं आत गेलेली. मी अंदाज घेतला, ड्रिल लावलं. दगड कुरकुरत गेला आणि मग एकदम मोकळं लागलं. हाताला ते लगेच कळतं. पलीकडे पोचलो म्हणायचं आणि वायर सारायला घ्यायची.

थोडी आत गेली आणि ती ओढली जायला लागली. सावकाश, एकसारखी, माणूस हात बदलत ओढतो तशी. बरं वाटलं मला. बार्बा म्हातारे असले तरी कामाची जाण आहे.

"पुरे, बार्बा," मी भोकाशी तोंड नेऊन ओरडले.

ओढ थांबली.

आणि बार्बा बाहेरच्या दारातून आत आले. हातात पाव, चीज आणि सुकलेले अंजीर.

"काय पुरे?" ते म्हणाले. "अजून खाल्लंही नाहीस."

मी झोपायच्या खोलीत गेले. भिंत कोरी होती. भोक नाही, वायर नाही, खाली भुगासुद्धा नाही. माझं ड्रिल तिरकं गेलं होतं, खोलीला चुकवून डावीकडे, टेकडीच्या पोटात. आमच्या गावात ही चूक कोणाच्याही हातून होते. खोली वाढवता वाढवता शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघालेली माणसं आहेत इथं. म्हटलं, जुना बोगदा लागला असेल, वायर उतारावर घसरली असेल. ओढ थांबली तीही योगायोगानं.

बैठकीत परत आले तर राउटरवर, माझी वायर लावली होती तिथला हिरवा दिवा लागला होता.

हे नीट सांगते, कारण माझी रात्रीची झोप उडालीये ती याच दिव्यावरून. तो दिवा वायर खुपसली म्हणून लागत नाही. पलीकडच्या टोकाला काहीतरी चालू स्थितीत जोडलेलं असेल तरच लागतो. आणि माझ्या वायरच्या त्या टोकाला पिनच नव्हती. आठ बारीक तारा ओळीनं लावून ती पिन चिमट्यानं दाबावी लागते. चिमटा माझ्या कमरेला होता.

आतून बार्बांचा आवाज आला. "चाललं गं! पोरी, चाललं!"

ते पलंगावर बसले होते. टॅबलेटवर सिग्नल पूर्ण, बैठकीत होता त्यापेक्षाही जास्त. नाव आपल्याच राउटरचं, पासवर्ड आपलाच. समोर नेवेंका, दवाखान्याच्या कपड्यांत, हसत होती. आमच्याकडे चित्र नेहमी अडखळतं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आज जुळत होते. बार्बांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर येत होतं.

मी बैठकीत जाऊन वायर उपटली. आतलं बोलणं तुटलं. परत खुपसली, बोलणं सुरू.

मग टेकडीवर चढले. खाली घर असलं की वर हवेचा पाइप डोकावतो, खाण असली की पांढऱ्या मातीचा ढीग असतो. बार्बांच्या पाइपांच्या डावीकडे काही नव्हतं. लाल खडी, तिच्यावर ऊन, आणि एक सरडा. जमिनीला कधी फावडंही लागलेलं दिसत नव्हतं.

खाली येऊन मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरतील. त्यांनी शांतपणे पाव कापला.

"शेजारी आहे तो."

"कोण शेजारी? वर काही नाही, बार्बा."

"वरचं मला माहीत नाही. खाली आहे. तोंका होती तेव्हापासून ऐकतोय. मी इकडून खणायचो, तो तिकडून. पलीकडून टिकाव ऐकू आला की आपला हात थांबवायचा, ही खाणीतली रीत. मी थांबलो." अंजिराचा देठ त्यांनी बाजूला ठेवला. "तोही थांबला. सभ्य माणूस आहे."

"मी ती वायर कापणार आहे. दुसरं भोक पाडते, सरळ."

तेव्हा मात्र त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज ती हसली, बघितलंस ना? किती महिन्यांनी हसली. आता कापलंस आणि नंतर नाही जमलं, तर? राहू दे की. कोणाचं काय बिघडतंय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर, रोज मी लोकांकडे वायर ओढते, पलीकडे कोण आहे ते मला तरी कुठं माहीत असतं? दिवा लागला की कोणीतरी आहे असं समजायचं आणि निघायचं. एवढ्या विश्वासावर सगळं जग बोलतंय. मी हत्यारं भरली आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कुठलं, कामं निघत गेली. ईस्टरच्या आधी नेवेंकाचाच फोन आला.

"वृद्धाश्रमाची जागा सोडली मी," ती म्हणाली. आवाज हलका होता. "रोज बोलतो आम्ही. फोतिनी, माणूस बदललाय गं. चार माणसांत असल्यासारखा बोलतो. तूच वाचवलंस बघ त्यांना. आणि ती नवी खोली किती सुरेख काढलीये."

"कुठली खोली?"

"हल्ली जिथून बोलतात ती. भिंतीत ओपलची निळी रेघ आहे ना, मागं आडवी."

बार्बांच्या घरात तशी भिंत नव्हती. मी गाडी काढली.

भर दुपार होती. दार नुसतं लोटलेलं होतं, ते नेहमीचंच. मी हाका मारल्या. चुलीवरच्या भांड्यात कॉफी सुकून तडकली होती. पलंग नीट आवरलेला. पलंगावर टॅबलेट, आणि त्याच्यावर धूळ, बोट फिरवलं की रेघ उठेल अशी. बटण दाबलं. बॅटरी केव्हाचीच उतरलेली.

मी नेवेंकाला फोन लावला. तिला काय सांगायचं, ते जुळवत होते.

"थांब जरा," ती म्हणाली. "बाबा बोलतायत, दुसऱ्या फोनवर. समोरच आहेत माझ्या."

मी खोलीतून बाहेर आले. बैठकीत हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. कोणी बोलत असलं की तो तसाच लुकलुकतो.

"नेवेंका, मी त्यांच्या घरात आहे."

"हो, तेच सांगतायत ते. म्हणाले, फोतिनी आलीये, कॉफी घेशील का विचार."

मी वायरवर हात ठेवला. उपटायला काय लागतं, बोटाचा एक दाब. पण तिकडे तिचं हसणं ऐकू येत होतं आणि त्यात अधूनमधून एक जाडसर, दूरचा आवाज. तो बार्बांचाच होता. शपथेवर सांगते, त्यांचाच.

मी हात काढून घेतला.

मग पोलीस आले, खाणीत उतरणारी गावची माणसं आली, जुनी विवरं धुंडाळली. माझ्या भोकात त्यांनी दांडीला लावून कॅमेरा सारला. हातभर आत भोक संपत होतं. पुढं सलग दगड. वायर त्या दगडात शिरलेली होती, भोवती केसाएवढीही फट नव्हती. वाळूखडकात असं कधी कधी होतं, असं एक जण म्हणाला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

नेवेंका रजा घेऊन आली. पहिले दिवस रडली, टेकडीवरून हाका मारत फिरली. संध्याकाळ झाली की बैठकीत राउटरपाशी बसायची आणि फोन लावायची. फोन लागायचा.

"मी माणसं मरताना बघते, फोतिनी. कामच आहे माझं," एकदा ती म्हणाली. "मेलेला माणूस उत्तर देत नाही. हे देतात. मला ओरडतातसुद्धा. मी जेवले नाही हे त्यांना कळतं. आणखी काय असतं गं माणसात?"

"तुला दिसतात तेव्हा मागं कोण असतं?"

तिनं जरा विचार केला. "उजेड कमी असतो तिकडे."

रजा संपली, ती गेली नाही. ॲडलेडची नोकरी सोडली. आता ती तिथंच राहते. मी मधूनमधून जाते, राउटरवरची धूळ पुसते. या गावात धुळीनं राउटर तापून बंद पडतात. तो बंद पडला तर काय होईल हा विचार मी करत नाही, पुसून निघते.

परवा गेले तेव्हा नेवेंकानं चहा केला. बरी दिसत होती, केस विंचरलेले.

"एक काम होतं तुझ्याकडे," ती म्हणाली. "ते भोक जरा मोठं करून देशील?"

"किती मोठं?"

तिनं स्वतःच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि मधलं अंतर तसंच धरून मला दाखवलं. "त्यांच्या बाजूचं त्यांनी खणून ठेवलंय. आपल्या वाट्याचं थोडंच उरलंय."

मी कप खाली ठेवला. ड्रिल दुरुस्तीला दिलंय म्हणून सांगितलं. महिना तरी लागेल.

नेवेंका हसली, माझ्या कपात साखर घातली, ढवळली.

"बाबा म्हणालेच, ती असं सांगेल. गाडीत मागच्या बाजूला आहे म्हणाले, निळ्या ताडपत्रीखाली."