कुंडीतली पोपटी

"भेटला गं आये, पार्सल भेटला. शेंगा हिरव्याच हायेत. नाय नाय, जेवलो हाय…"

ब्रसेल्सच्या बसथांब्यावर, बारीक पावसात, शनिवारी सकाळी हे कानावर पडलं आणि माझी झोप उडाली. वळून बघितलं. जांभळी कानटोपी घातलेला एक मुलगा फोनवर बोलत होता. त्याच्या हातात आपल्याकडच्या साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीतून चक्क रानात उगवणारा, उग्र वासाचा भांबुर्ड्याचा पाला डोकावत होता.

त्या वर्षी मी सतत दमलेली असायचे. जर्मनीत आखेनला शिकत होते. दिवसा लॅब, संध्याकाळी बेकरीत काम, आणि मधल्या वेळात 'मी मजेत आहे' असं घरी फोनवर सांगणं, हेही एक कामच. शुक्रवारी दुपारी खोलीतली मैत्रीण अरीबा उगवली. ती माझ्यासारखीच पनवेलची. म्हणाली, "सत्या, बसची तिकिटं फुकटात मिळतायत. ब्रसेल्स, ब्रूज आणि परत. चल." मी म्हटलं, मला झोपायचंय. ती म्हणाली, "बसमध्ये झोप." म्हणून मी आले होते. युरोप बघायची हौस वगैरे अजिबात नव्हती.

"मराठी?" त्याने फोन ठेवत विचारलं.

"पनवेल."

"पनवेलात कुठं?"

"लाइन आळी."

तो हसला. त्याचं हसू सावकाश यायचं, आधी डोळ्यांत आणि मग ओठांवर. "मी नेऱ्याचा. निकेश."

"सत्यवती," मी म्हटलं, आणि तो काही बोलायच्या आत, "आजीने ठेवलंय. हसायचं नाही."

"हसलो कुठं? आमच्या म्हशीचं नाव सत्यवती हाय. गुणी हाय एकदम."

नेरे आमच्या घरापासून एसटीने अर्ध्या तासावर. इतकी वर्षं हा माणूस कधी दिसला नाही, आणि दिसला तो इथे, तेही माझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असताना. माझं नशीब हे असं.

तो हॉलंडमध्ये डेल्फ्टला शिकत होता. गावातलं कुणीतरी विमानाने ब्रसेल्सला आलं होतं, त्याच्याबरोबर आईने शेतातल्या वालाच्या शेंगा धाडल्या होत्या. "आज शिजवल्या नाय तर सडतील," तो पिशवीकडे बघत म्हणाला. "आणि माझ्या खोलीत ओव्हन नाय."

"मग चल ब्रूजला," अरीबा म्हणाली. "आमच्या हॉस्टेलात ओव्हन आहे. खुदा की कसम, बुकिंग करताना मी तेवढंच बघितलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू… चालेल?"

"मला काय," मी म्हटलं. पण बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथेच जाऊन बसले.

ब्रूज सुंदर असणार. कालवे होते, हंस होते, घंटा वाजत होत्या. अरीबा पुढे पळत फोटो काढत होती आणि मी मागे पाय ओढत होते. निकेश माझ्या चालीने चालत होता. मी थांबले की तोही थांबायचा, आणि उगाच एखाद्या खिडकीकडे बघायचा, म्हणजे तो माझ्यासाठी थांबलाय असं मला वाटू नये.

"तू कायम एवढी दमतेस?" त्याने विचारलं.

"कायम."

"मग बस इथं." पुलाच्या कठड्यावर त्याने बाहीने पाणी पुसलं. बस्स, एवढंच. मी बसले, आणि बराच वेळ उठले नाही.

पोपटी आमच्याकडे हिवाळ्यात लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, अंडी, बटाटे, कोंबडी भरायची, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ब्रूजमध्ये मडकं कुठलं मिळायला? शेवटी निकेशने फुलांच्या दुकानातून मातीची कुंडी आणली. अरीबाला चालेल अशी हलाल कोंबडी मिळेना, म्हणून अंडी-बटाट्यावर भागवलं. कुंडी भरून ताटलीवर उपडी केली आणि ओव्हनमध्ये सारली. ओव्याचा आणि भांबुर्ड्याचा वास सुटला तसा मला आमच्या घरामागचा रस्ता, गाड्यांची धूळ, सगळं एकदम आठवलं.

"झाली का कशी कळणार?" अरीबाने विचारलं.

"पाणी मारायचं. चर्र वाजलं की झाली," निकेश म्हणाला. त्याने ओव्हन उघडला आणि आईच्या ऐटीत तापल्या कुंडीवर ओंजळभर पाणी शिंपडलं.

चर्र वाजलं. पाठोपाठ खाडकन आवाज आला आणि कुंडी दुभंगली. गावचं मडकं हा पाहुणचार सोसतं, बागेतल्या कुंडीला ती सवय नव्हती. पाला जळत्या तारांवर पडला, धूर झाला, छतावरचा अलार्म कोकलायला लागला, आणि हॉस्टेलातली यच्चयावत मंडळी पांघरुणं गुंडाळून पावसात फुटपाथवर आली. मालकीणबाई अरीबाला फ्लेमिशमध्ये झापत होत्या, अरीबा त्यांना उर्दूत समजावत होती.

आम्ही दोघं भिंतीला टेकून अर्धकच्च्या शेंगा सोलत बसलो. शेंग सोलता सोलता त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्याने हात मागे घेतला नाही… मीही नाही.

"मी उन्हाळ्यात परत जातोय, कायमचा," तो म्हणाला. "शेती बघणार. तू?"

"मला इथे नोकरी हवीय."

"हं," तो म्हणाला, आणि पुढची शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली.

रविवारी परत ब्रसेल्सच्या थांब्यावर आलो. त्याची बस आधी होती. बाकावर बसले एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि दिवे लागले होते.

"तुझी बस?"

"गेली."

"अरे, उठवायचं ना."

"दमलेलीस," तो म्हणाला.

पलीकडे अरीबा छताकडे बघत गालातल्या गालात हसत होती.

आमची बस आली तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "खरी पोपटी खायची असेल तर नेऱ्याला ये. पण… ऐक. पोरगी एकटी पोपटीला शेतावर आली की आमच्या घरचे काय समजायचं ते समजतात. म्हणून विचार करून ये."

मी विचारच करत राहिले. तो गावी परतला. फोन व्हायचे, लांबायचे, पण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात मला आखेनची नोकरी लागली, आणि रुजू होण्याआधी मी पनवेलला आले. नेऱ्याला गेले ती 'नाही' म्हणायला. तोंडावर, नीट सांगायचं ठरवलं होतं. माझ्याच्याने आणखी काही पेलणार नव्हतं. प्रेम म्हणजेही कामच. रोज वेळेवर हजर राहा, हसा, आठवण ठेवा. मी थकले होते.

शेतावर त्याची आई, भामाकाकू, मडकं भरत होती. मला बघून तिने हात पदराला पुसले. "आलीस बाय? बस. ती बाज हाय बघ."

निकेश जाळासाठी काटक्या आणायला गेला होता. मी बाजेवर टेकले. डोंगराकडून गार वारा येत होता. तो आला की सांगायचं, अशी वाक्यं जुळवता जुळवता माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं आणि माझ्या अंगावर काकूंची शाल होती. जाळ विझत आला होता, मडकं अजून राखेत उपडंच. करपल्याचा वास येत होता. घरातली सगळी माणसं जाळाभोवती उपाशी बसली होती आणि हलक्या आवाजात बोलत होती.

"पोपटी करपली," निकेश जवळ येऊन म्हणाला.

"उठवायचं ना."

"मी येत होतो उठवायला. आयेने हात धरला."

"दमून आली हाय पोर," भामाकाकू राख सारत म्हणाल्या. "पानी मारलं असतं तर चर्र आवाजानं उठली असती. शेंगा काय, उद्या पन हायेत."

मला रडू आलं. लपवावंसंही वाटलं नाही. निकेश समोर उकिडवा बसला होता, हातात काटकी घेऊन.

"मी 'नाही' सांगायला आले होते," मी म्हटलं.

"ठाव हाय मना. तोंडावरनंच कळलं."

"इथे जवळ बेलापूरलाही नोकऱ्या असतात," मी म्हटलं. "शोधायला लागेल."

त्याने काटकी मोडली. ते सावकाश येणारं हसू आधी डोळ्यांत आलं… "मग?"

"मग काय. भूक लागलीय."

काकूंनी मडकं उलथं केलं. शेंगा एका बाजूने पार काळ्या झाल्या होत्या. निकेशने त्यातली एक सोलली, करपलेलं काढून टाकलं आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. चव कडूच होती. मी दुसरी मागितली.