मास्तरांना दिलेला वेळ

दुपारचं कामकाज आटोपलं की ताई सभागृहामागच्या बारक्या खोलीत जाऊन बसायच्या. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडाच तो. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. पण वरिष्ठ सभागृहाचा उद्याचा दिवस कसा जाणार, ते तिथं ठरायचं. ताई सत्ताधारी पक्षाच्या प्रतोद. समोर बसायचे ते विरोधकांचे प्रतोद. राजकारणात येण्याआधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. कुठलं विधेयक आधी घ्यायचं, कुणाला बोलायला किती वेळ द्यायचा, तुमचा माणूस आजारी असेल तर आमचाही एक मतदानाला बाहेर थांबेल, असं सगळं तोंडी चालायचं. सभागृहात दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि इथं येऊन चहा पीत.

त्या दिवशी मास्तरांनी चहाला हात लावला नाही.

“ताई, माझ्या छातीचं ऑपरेशन ठरलंय. मी परत येईपर्यंत ते बोटीचं विधेयक तेवढं घेऊ नका.”

सरोवरात शाळेच्या सहलीची बोट बुडाली होती. एकही मूल परत आलं नव्हतं. शाळा मास्तरांच्याच गावची, एके काळी ते तिथंच शिकवत. चौकशी सुरू झाली आणि हळूहळू बड्या लोकांच्या दारापर्यंत येऊन पोचली, तशी सरकारला ती जड जाऊ लागली. चौकशी गुंडाळायचं विधेयक तयार झालं.

“मंजूर करा हवं तर, संख्या तुमची आहे,” मास्तर म्हणाले. “पण त्याआधी त्या मुलांची नावं मला एकदा सभागृहात घ्यायचीत. सगळ्यांची. आजवर कुणी घेतली नाहीत.”

ताईंनी लगेच शब्द दिला नाही. आधी त्या सभागृह नेत्याकडे गेल्या. सभागृह नेता म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादानंच त्यांना सांभाळलं, शिकवलं, बोट धरून राजकारणात आणलं.

“छोटे, तुझा शब्द तो माझा शब्द,” दादा म्हणाला. “खुशाल दे. मास्तर आल्याशिवाय नाही घेत.”

मग ताईंनी शब्द दिला. मास्तर निर्धास्त होऊन इस्पितळात दाखल झाले. विरोधकांना ताईंनी स्वतः सांगितलं की या आठवड्यात काही विशेष नाही. तेही आपापल्या गावी पांगले.

दोन-तीन दिवसांनी दादानं त्यांना बोलावून घेतलं. “मास्तरांना बघून ये गं. फुलं घेऊन जा. माझीही आठवण सांग.” ताईंना भरून आलं. राजकारणात इतकी वर्षं काढूनही दादाचं मन निबर झालं नाही, असं त्यांना वाटलं.

मास्तर उशीला टेकून बसले होते. फुलं पाहून लहान मुलासारखे खुलले. “करमत नाही हो इथं,” म्हणत त्यांनी भिंतीवरचा टीव्ही लावायला लावला. सभागृहाचं कामकाज दाखवत होते. विरोधी बाकं जवळजवळ रिकामी होती. दादा उभा होता. कोट नीट करत, सावकाश, त्याच्या त्या गोड आवाजात बोटीचं विधेयक विचारात घ्यावं म्हणून सांगत होता.

ताई टीव्हीजवळ सरकल्या. सभापतींनी मत विचारलं. “होय” असा एक गलका झाला. “नाही” म्हणणारे दोघंतिघं असतील. बघता बघता विधेयक मंजूर झालं.

ताईंनी टीव्ही बंद केला. मग मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणून आलात होय?”

“नाही हो मास्तर... मला खरंच...”

“फुलं छान आहेत,” मास्तर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा म्हणून त्यांनी तोंड इकडे केलं नाही. संध्याकाळच्या आत ते गेले. ऑपरेशनच्या टेबलापर्यंतही पोचले नाहीत.

ताई तशाच दादाच्या घरी गेल्या. तो संत्रं सोलत बसला होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“अगं, तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं ना!” तो हसला. “तू खरं मानलंस, म्हणून तर त्यानं मानलं.” आणि त्यानं संत्र्याची एक फोड त्यांच्यापुढे धरली. लहानपणी धरायचा तशीच.

दुसऱ्या दिवशी सभागृह बंद होतं. त्यानंतर शोकप्रस्ताव यायचा होता. त्यावर कोण आधी बोलणार, हे ठरवायला ताई त्या बारक्या खोलीत गेल्या. विरोधकांचे नवे प्रतोद अजून यायचे होते. बाहेर भरदुपारी धुकं इतकं दाटलं होतं, की अंगणातले दिवे लावावे लागले होते. ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. इमारत अगदी चिडीचूप. इतकी, की जिन्यावरच्या घड्याळाची टिकटिकही कानाला लागत होती.

मग वास आला. आधी इस्पितळातल्या औषधांचा, आणि त्याच्याखालून कुजत चाललेल्या फुलांचा. पाठीमागं खुर्ची सरकली. कुणीतरी बसताना करकरते तशी करकरली.

“ताई...”

त्यांनी वळून पाहिलं नाही. खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“मास्तर, मला माहीत नव्हतं हो... मलाही फसवलं... माझ्याच माणसानं...”

पाठीमागून आला तो नुसता श्वास, धाप लागल्यासारखा. मग अगदी हळू, रोज विचारायचे तसंच...

“उद्या मला... किती वेळ?”

ताई अजूनही वळल्या नव्हत्या. तरी रोजच्या सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, “लागेल तेवढा, मास्तर.”

दार उघडलं. नवे प्रतोद आत आले. “उशीर झाला, माफ करा... कुणाशी बोलत होता?” समोरची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी शोकप्रस्तावावर पहिला मान सभागृह नेत्याचा. दादा उठला. असल्या भाषणांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. “मास्तर म्हणजे मला मोठ्या भावासारखे...” एवढं म्हणाला आणि थबकला. पाणी प्यायला. तोंड उघडलं, आणि आवाज मास्तरांचा निघाला.

त्या आवाजानं पहिलं नाव घेतलं. एका मुलीचं. ती खिडकीशी बसायची, हे सांगितलं. मग दुसरं नाव. हा तोतरा होता, पण गाताना अडखळत नसे. मग दोघं जुळे भाऊ. दादाचं अंग उभ्या जागी थरथरत होतं, बोटं बाकाच्या कडेत रुतली होती. तोंड तेवढं शांतपणे बोलत होतं, शाळेत हजेरी घ्यावी तसं. सभापतींनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. मग खाली वाकून म्हणाले, “ताई, त्यांना बसायला सांगा ना.”

ताई अगदी शेजारीच होत्या. नुसता कोट ओढला असता तरी चाललं असतं. दादानं डोळे त्यांच्याकडे वळवले. सोडव गं, म्हणत होते ते डोळे. ताईंनी हात मांडीवर घेतले आणि समोर बघत राहिल्या.

शेवटचं नाव झालं तसा दादा कोसळला.

लोकांना वाटलं, त्याचं मन जागं झालं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. एवढं झाल्यावर सरकारची पंचाईत झाली, आणि चौकशी पुन्हा सुरू करावी लागली. दादा मात्र इस्पितळात पडून होता. डॉक्टर म्हणत, घसा ठीक आहे, मेंदू ठीक आहे. पण तो बोलत नव्हता. तोंडसुद्धा उघडत नव्हता. नळीनं अन्न द्यावं लागे.

ताई बरेच दिवस गेल्या नाहीत. गेल्या तेव्हा लख्ख सकाळ होती. पलंगावर ऊन आलं होतं. त्या त्याच्या उशाशी बसल्या.

“दादा, एकच सांग. माझाच शब्द कसा वापरावासा वाटला तुला? दुसरं कुणी नव्हतं?”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलले. त्यानं कष्टानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. आतून आवाज येत होता, लाकडावर लाटा आपटाव्यात तसा. चुबुक... चुबुक... आणि त्याच्याही मागं, फार लांबून, पुष्कळ मुलं एकदम ओरडत असावीत तसा.

नर्स आत डोकावली. “नळ उघडा राहिला वाटतं,” म्हणत न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. “बंद आहे की...”

दादानं तोंड मिटलं. आवाज थांबला.