जुन्या कॉम्प्युटरमधले पाय

"माझ्यावर आळ आलाय, बाई. तेवढा काढा. बाकी मला काही नको."

म्हातारा खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता, जणू मागे रेलण्याचा हक्कही कुणी काढून घेतला होता. घरचे, दारचे, गिऱ्हाइकं, सगळे त्याला मामा म्हणत.

"कसला आळ?" वहिनींनी विचारलं.

वहिनी म्हणजे त्या कचेरीच्या मालकीण आणि एकमेव गुप्तहेर. त्यांच्या मागे मांडीवर टोपी ठेवून बसले होते ते भाऊजी, त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींबरोबर हिंडत. शोध वहिनी लावत, आश्चर्य भाऊजी करत. "एक काम तरी तुम्ही चोख करता," असं वहिनी म्हणत.

"आमचा बुटांचा कारखाना आहे," मामा सांगू लागले. "साधे बूट नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वळलेलं, अशा माणसांचे. प्रत्येकाचं माप मी माझ्या हाताने घेतो आणि सरळ कॉम्प्युटरमध्ये भरतो. कागद नाही, काही नाही. प्रोग्राम मीच लिहिलाय, जुन्या सिस्टिमवर. आता कारखान्याचा मालक भाचा. त्याने नवा कॉम्प्युटर आणला, नवी सिस्टिम. सगळी मापं तिकडे न्यायची ठरली. आणि नेमकं त्याच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, कुणीतरी जुनं मशीन पुसून टाकलं."

"आणि नाव तुमचं आलं."

"येणारच. त्या मशीनला माउस नाही. काळ्या पडद्यावर टाइप करून हुकूम द्यावे लागतात, ते माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. शिवाय नव्याला माझा विरोध होता, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक. सगळ्या कामगारांदेखत भाचा म्हणाला, 'मामा, तुम्ही घर बुडवलंत. पुन्हा कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.'"

भाऊजींनी चहा पुढे केला. मामांनी तो तळापर्यंत संपवला, छान झालाय म्हणाले. वहिनींनी पत्ता विचारून घेतला, तोच मामा भाऊजींकडे वळले. "अर्धा कप चहा मिळेल का हो? आल्यापासून घसा कोरडा पडलाय."

भाऊजींनी मुकाट्याने दुसरा कप आणला. दुःखात चहा जास्त लागतो, हा त्यांचाही अनुभव होता.

कारखाना खाली, घर वर. कातड्याचा आणि सरसाचा वास जिन्यापर्यंत येत होता. कापणीच्या खोलीत कोपऱ्यात ते जुनं मशीन बसलं होतं, दातांसारखं पिवळं पडलेलं. अशी यंत्रं सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखी खोकत, मग कुरकुरत कामाला लागत. त्या काळी ज्यांनी ती वापरली, त्यांना तो आवाज अजून ऐकू येतो. शेजारी नवा कॉम्प्युटर चकचकीत उभा होता, गप्प.

कॉम्प्युटरवाला पोट सुटलेला, बोलका माणूस होता.

"ताई, डिस्क ठणठणीत आहे. बिघडलेली नाही, पुसलेली आहे. असं पुसताना ते मशीन विचारतं, खरंच पुसू का? म्हणजे चुकून झालं म्हणायला जागा नाही. परत काही आणता येणार नाही, मी सगळं करून पाहिलं."

"नव्यात असं काय आहे, जे जुन्यात नव्हतं?"

"चूक पकडतो तो!" त्याचे डोळे चमकले. "पाय डावा आखूड असेल आणि उंच टाच उजव्या बुटाला लिहिली असेल, तर लगेच लाल खूण. मी घरातल्या सगळ्यांना करून दाखवलं. मामा तेवढे मधेच उठून गेले. मालकांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, दोनदा विचारलं, जुनी मापं घातली तरी लाल होईल का? म्हटलं, आजी, चूक असेल तर होणारच."

भाचा बोलायला तयारच होता. राग अजून नाकावर होता.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सगळं मामावर सोडलं होतं. याच खोलीत वाढलो मी. तिथे माझा पाळणा असायचा. मामा मापं मोठ्याने सांगायचा, मशीन कुरकुरायचं आणि आई पायाने पाळणा हलवायची. त्या आवाजावर झोपलोय मी. आणि त्याच माणसाने..." त्याने तोंड फिरवलं.

भाऊजींना भरून आलं. वहिनींनी पाळण्याची ती जागा पाहून घेतली.

भाच्याची बायको, घरची सून, गिऱ्हाइकं सांभाळायची. तिने कपाट उघडून फ्लॉपींचे डबे दाखवले. कपाटाला कुलूप नव्हतं.

"दर वर्षी मामा कॉपी काढायचे. जुनी सगळी मापं यात आहेत, कुणी हात लावलेला नाही. फक्त गेल्या तीन वर्षांची कॉपीच नाही. विचारलं की म्हणतात, काढली की! आता तुम्हीच सांगा, हा डाव आधीपासूनचा नाही तर काय?"

वहिनींची नजर फळीवरच्या तपकिरी बुटांवर गेली. "हे कुणाचे?"

"परत आलेत. त्या बाई पहिल्याच दिवशी जिन्यावरून पडल्या, हात मोडला. चामडं आटलंय असं आमच्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या. त्यांनीच जोड परत घेतला. परत आलेलं सगळं त्याच बघतात."

"कुठला पाय आखूड बाईंचा?"

"डावा."

वहिनींनी एका बुटात हात घातला, मग दुसऱ्यात. जोड भाऊजींकडे दिला. भाऊजींनीही हात घालून पाहिला. डावा आतून सपाट होता. उजव्यात टाचेखाली जाड उंचवटा लागला, वरून न दिसणारा.

"काय मऊ काम आहे!" ते मनापासून म्हणाले.

"आहे ना?" वहिनी म्हणाल्या आणि जोड घेऊनच जिना चढल्या.

आक्का, मामांची थोरली बहीण, भाच्याची आई, खिडकीशी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? फोन वाजला तर उचलता येत नाही धड. जुनं झालं होतं, मेलं. माणसं मरतात, यंत्राचं काय घेऊन बसलात."

"पण आळ तुमच्या भावावर आलाय."

आक्कांची बोटं थांबली नाहीत. "रागीट आहेच तो. केलं असेल रागाच्या भरात. पोटात घालायचं."

"सख्खी बहीण!" जिना उतरताना भाऊजी फणकारले. "परक्यानेही बाजू घेतली असती. वहिनी, मला विचाराल तर ही सूनच. मामांचा काटा काढायचा होता तिला."

"भाऊजी, सगळ्यांना खाली बोलवा. मामांनाही."

कापणीच्या टेबलाभोवती सगळे जमले. मामा दाराशीच उभे राहिले. भाच्याने आत या म्हटलं नव्हतं.

"नव्याचा राग असलेला माणूस नवं फोडतो," वहिनी म्हणाल्या. "इथे नव्यावर ओरखडा नाही. गेलं ते जुनं, मामांच्या जन्माचं काम."

"मला नाही तर कुणालाच नाही, असं असेल त्याचं!" भाचा म्हणाला.

"मग फ्लॉपी का ठेवल्या? उघड्या कपाटात होत्या. पुसणाऱ्याला सगळं बुडवायचं नव्हतं. गेली तीन वर्षं तेवढी नको होती. का?" त्यांनी बूट टेबलावर ठेवले. "चामडं आटतं. पण आटलेलं चामडं डाव्या पायाची टाच उजव्या बुटात नेऊन ठेवत नाही."

सुनेने दोन्ही बुटांत हात घातला. तिचा चेहरा उतरला.

"कॉपी काढली नाही, आणि काढली असं मामांना खरंच वाटतं. ते खोटं बोलत नाहीत. आमच्याकडे त्यांनी एक कप चहा संपवला आणि घसा कोरडा पडलाय म्हणून दुसरा मागितला."

"मी चहा घेतला होता?" मामांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजींना टोपीत तोंड लपवावंसं वाटलं.

"मापं भरतानाही असाच विसर पडत होता, आणि ही चूक नव्या सिस्टिमवर लाल होऊन सगळ्यांना दिसली असती," वहिनी पुढे म्हणाल्या. "ती कुणाला लपवायची होती? कॉम्प्युटरवाल्यांनी पुसलं असतं तर 'पुसलंय' असं स्वतःहून कशाला सांगितलं असतं? जुनं होतं, मेलं, म्हणून हात झटकले असते. सुनेला हुकूम येत नाहीत. मालकाने स्वतःचाच धंदा का बुडवावा? चूक ठाऊक होती फक्त परत आलेले बूट घेणाऱ्या माणसाला. नव्या कॉम्प्युटरसमोर दोनदा प्रश्न विचारला तोही त्यानेच."

"आईने?" भाचा ओरडला. "अहो, तिला कुठे टाइप करता येतंय!"

"मामा मापं सांगायचे. तुमची आई पायाने पाळणा हलवायची. पायाने का? हात कुठे होते त्यांचे?"

भाच्याने आईच्या हातांकडे पाहिलं.

"त्याला दोन बोटांनी टाइप करायची सवय," शेवटी आक्काच म्हणाल्या. "दिवसभरात चार मापं व्हायची नाहीत. म्हणून मी बसायचे. घर मोठं झालं, मी वर गेले, सगळे विसरले. मीही विसरल्यासारखं केलं." त्यांनी पदराने हात पुसले. "वाटलं, मशीन मेलं म्हणतील आणि हा सुटेल."

"आणि आळ त्यांच्यावर आला तेव्हा?"

"रागीट म्हणाले. म्हणू देत. रागीट माणसाला लोक वचकून असतात. हे कळलं असतं तर पाठीमागे हसले असते. सून बाजारात गेली की मी खाली येऊन मापं तपासत होते, सापडेल ते नीट करत होते. सगळं कुठलं सापडतंय? डोळे नाहीत आता."

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "हे चारचौघांत बोलायलाच हवं होतं का? आळ तेवढा काढायचा होता."

"एका बाईचा हात मोडला, भाऊजी. आणखी किती जण असले बूट घालून रस्ता ओलांडत असतील? आणि आता पाहायला मापंही उरली नाहीत." त्या सुनेकडे वळल्या. "तीन वर्षांतल्या प्रत्येकाला बोलवा. आजच."

सून उठून फोनकडे गेली. भाचा मामांसमोर येऊन उभा राहिला.

"मामा, मी बोललो ते चुकलं. तुम्ही पुसलं नाहीत. तुम्ही उद्यापासून..."

वाक्य तिथेच अडलं. कारखान्यात या, हे त्याला म्हणता येईना. येऊ नका, हे तर त्याहून नाही.

मामा त्याच्याकडे पाहतच नव्हते.

"आक्का, मला का नाही सांगितलंस तू? दुसऱ्या कुणाला नाही, पण मला?"

"सांगितलं होतं रे."

"कधी?"

"गेल्या वर्षी. याच खोलीत. तू दोन दिवस जेवला नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. मग एका सकाळी उठलास आणि शीळ घालत खाली कामाला गेलास. सगळं विसरून." आक्कांनी टेबलावरचे बूट बाजूला सारले. "पुन्हा सांगायचं माझ्याच्याने झालं नाही."

पलीकडच्या खोलीतून सुनेचा आवाज येऊ लागला. कुणाला तरी ती आर्जवाने सांगत होती, की नवे बूट आत्ता काढून ठेवा, अनवाणी चाला, पण ते घालू नका.

मामांनी ते ऐकलं. मग ते वळले आणि जिन्याशी गेले. भाचा धावत मागे आला, त्याने त्यांचा दंड धरला.

"सोड," मामा म्हणाले. "माझे पाय ठीक आहेत."