मागे कुणी बसल्याशिवाय

गाड्यांना मागाहून बसवलेले अलार्म काढून टाकणं हे मिस्त्रींचं आवडतं काम होतं. बसवणारे गल्लोगल्ली होते, काढणारे हे एकटेच. गाडी कारखान्यातून शहाण्यासारखी येते, मग मालकाला चोराची भीती वाटायला लागते, मग कुणीतरी स्वस्तातला डबा आणून डॅशबोर्डखाली कोंबतो, आणि त्यानंतर बॉनेटवर मांजर बसलं तरी अख्खी गल्ली जागी होते. इमोबिलायझर तर त्याच्याही वरताण. चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून तो स्टार्टरचा करंट अडवून ठेवतो आणि एक दिवस मालकालाच चोर समजतो. अशा रुसलेल्या गाड्या शेवटी मिस्त्रींच्या दारात यायच्या. दुसऱ्याची चूक शोधून काढताना त्यांना जे सुख मिळायचं ते जेवतानाही मिळत नसे.

जेवणाचं तर विचारूच नका. बायको गेल्यापासून गॅरेजच्या वरच्या खोलीत रेडिओ लावायचा आणि ताटात असेल ते गिळायचं, एवढंच उरलं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन यायचा, “बाबा, जेवलात का?” म्हणायची, ते “हो” म्हणायचे, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे. हातात काम असेपर्यंत बरं होतं. संध्याकाळी शटर ओढलं की घर खायला उठायचं.

त्या दिवशी भर दुपारी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या. गाडी जुनी, पण जपलेली होती.

“मामांची गाडी आहे,” बाई म्हणाल्या. “मामा गेले, तशी माझ्याकडे आली. पण हिचं काही कळतच नाही हो. मनात असलं तर चावी लावायचा अवकाश, चालू. नसलं तर कितीही फिरवा, ढिम्म. उद्या मला नव्या शाळेत हजर व्हायचंय, खूप लांब आहे. वाटेत हिने दगा दिला तर मी काय करायचं?”

“अलार्म कुणी बसवलाय?”

“मामांनीच. घड्याळं दुरुस्त करायचे ते.”

“घड्याळं!” मिस्त्री म्हणाले. “तरीच.” आणि खूश होऊन डॅशबोर्डखाली शिरले.

आत सगळ्या वायरी काळ्या. चोराला कुठली कुठे जाते ते समजू नये म्हणून बरेच जण तसं करतात, आणि मग बसवणाऱ्यालाही समजत नाही. मिस्त्री टेस्टर लावत एकेका वायरीचा माग काढत गेले. गाडीत कुणी हललं तर ओळखणारा सेन्सर त्यांना सापडला, पण भलत्याच जागी. चोर बसणार पुढे, आणि हा बसवलेला पुढच्या सीटच्या पाठीला, तोंड मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे. करंट सोडणारा-अडवणारा रिले उघडून पाहिला तर त्यांना हसावं की रडावं कळेना. सगळं उलटं जोडलेलं होतं.

“बाई, जरा पुढे बसा,” ते म्हणाले आणि स्वतः मागे डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. “फिरवा चावी.”

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

“बंद करा.” ते उतरले, दार लावलं. “आता फिरवा.”

ढिम्म.

“बघितलंत? मागे कुणी असलं तर गाडी चालू होते, नसलं तर होत नाही. आयुष्यात असला गाढवपणा पाहिला नव्हता मी.”

बाई आधी चकित झाल्या आणि मग मोठ्याने हसल्या. “म्हणजे ते खरंच होतं! अहो, मामींचा एक पाय वाकत नसे. तो लांब करून त्या मागेच बसायच्या. एकदा हायवेच्या पंपावर त्या पाणी प्यायला उतरल्या, आणि मामा आपले गाडी काढून निघाले. तास-दीड तास मागे न बघताच बोलत होते त्यांच्याशी! परत आले तेव्हा मामी तिथेच उन्हात उभ्या. भांडल्या नाहीत, काही नाही. फक्त म्हणाल्या, पुन्हा मला सोडून जाऊ नका. मामांना ते फार लागलं. तेव्हा म्हणाले होते, आता तू बसल्याशिवाय गाडीच चालू होणार नाही अशी सोय करतो. आम्हाला थट्टा वाटली.”

मिस्त्रीही हसले. मग हात पुसता पुसता सहज म्हणाले, “मामी कुठे असतात?”

“गेल्या. मामांच्या कितीतरी आधी.”

“आणि मामा नंतर ही गाडी…”

“रोज चालवायचे. एकटेच.”

बाईंचं हसू विरून गेलं. छताचा पंखा करकरत फिरत होता. त्या हळूच म्हणाल्या, “मीसुद्धा एकटीच असते, मिस्त्री. काल आले, आज आले… चालू झाली म्हणूनच आले ना?”

मिस्त्रींनी मागच्या सीटकडे पाहिलं. कापडाला सांधेदुखीच्या मलमाचा उग्र वास येत होता. इतक्या वर्षांत तो उडून जायला हवा होता.

“जुना सेन्सर आहे,” ते म्हणाले. “माशी फिरली तरी फसतो.” दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. “काढून टाकू ना सगळं?”

बाई क्षणभर घुटमळल्या. “काढा,” त्या म्हणाल्या. “उद्या मला वेळेवर पोचायलाच हवं.”

त्या फोनवर बोलत रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री पुन्हा डॅशबोर्डखाली आडवे झाले. शेवटची काळी वायर त्यांनी तोडली आणि डोक्यामागे खट्‌ आवाज झाला. बाहेर येऊन पाहतात तर मागचं डावं दार उघडं. बाई अजून पलीकडेच होत्या. मिस्त्रींना उघडं दार बघवत नसे. त्यांनी ते लोटून घट्ट लावून टाकलं.

गाडी मुकाट्याने चालू झाली. पुन्हा पुन्हा बंद करून पाहिली, दर वेळी चालू. बाईंच्या जिवात जीव आला आणि त्या निघून गेल्या.

ऊन उतरलं. मिस्त्री हत्यारं आवरत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आज आपण रेडिओ लावलेला नाही. लावावासाच वाटला नव्हता. घरात कुणीतरी आहे, आपण बोललो नाही तरी चालेल, असं काहीसं निवांत वाटत होतं. बायको असताना वाटायचं तसं. त्या सुखात ते थोडा वेळ राहिले, आणि मग त्यांना मलमाचा वास आला. कोपऱ्यातल्या स्टुलाच्या बाजूने येत होता.

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या.

“मिस्त्री, गाडी बंद पडलीय. पेट्रोल भरलं, चावी फिरवली, ढिम्म. तुम्ही सगळं काढलं होतंत ना?”

“सगळं. डबा माझ्यासमोर पडलाय.”

“मग असं कसं…?”

“बाई,” मिस्त्रींनी विचारलं, “पंप कुठला?”

मग बाई म्हणाल्या, “तोच.”

आता यावर शहाण्या माणसाने क्रेन बोलावली असती. मिस्त्रींनी आपली जुनी व्हॅन दारात उलटी लावली आणि तिचं मागचं दार उघडलं. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना कळलं होतं. पुन्हा सोडून जाऊ नका म्हणालेल्या मामींना आपण मागे ठेवून घेतलं, आणि वर दारही लावून घेतलं.

“चला, मामी,” ते रिकाम्या गॅरेजकडे बघून म्हणाले. “तुम्हाला पोचवतो.”

आपलंच आपल्याला हसू येणार होतं, तोच आवाज आला. एक पाऊल पडे, दुसरं फरशीवर घासत येई. पडे… घासत येई… मिस्त्रींनी मान खाली घातली, वर केली नाही. व्हॅनचे डावीकडचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि गाडी त्या अंगाला जरा दबली. कुणी बसलं की ती तशी दबते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

पंपावर दिवे लागायची वेळ झाली होती. एका कडेला बाई गाडीत बसून होत्या. मिस्त्रींनी व्हॅन शेजारी नेऊन मागचं दार उघडलं, बाईंच्या गाडीचंही उघडलं.

“उतरा, मामी. तुमची गाडी आली.”

काही हललं नाही. पाटे दबलेले होते ते तसेच राहिले.

“बाई, फिरवा.”

ढिम्म.

बाई उतरून आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. दबलेल्या व्हॅनकडे पाहून त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “मामी, मी आहे… चला ना घरी. मला ठाऊक नव्हतं हो.” वाऱ्याने दार थोडं हललं.

“उतरत नाहीयेत का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मीच म्हणाले ना, काढा म्हणून,” बाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या.

ती गाडी पुढे कुणाच्याच हातून चालू झाली नाही. भल्याभल्यांनी हात टेकले आणि बाईंनी ती भंगारात दिली. त्या नव्या शाळेत बसने गेल्या. त्यांनी मिस्त्रींना पुन्हा कधी फोन केला नाही.

मिस्त्रींच्या व्हॅनला कधी अलार्म नव्हता. इमोबिलायझर नव्हता. तिची वायर न् वायर त्यांनी स्वतः ओढलेली. पण आता सकाळी चावी फिरवली की ती ढिम्म राहायची. मग ते मागचं दार उघडून वाट बघत बसायचे. एक पाऊल पडे, दुसरं घासत येई, पाटे करकरत आणि गाडी चालू होई. सुरुवातीला त्यांची पाचावर धारण बसायची. पुढे पुढे सवय झाली. वाटेत ते गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगायचे, कुणी काय घोळ घातला ते सांगायचे. मागून उत्तर येत नसे, पण ऐकणारं कुणी आहे एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. मुलीला ते फोनवर म्हणाले, “माझी काळजी करू नकोस गं. एकटा नाही मी.” ती बिचारी आनंदली.

एका सकाळी ते असेच बसले होते. वरच्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली होती आणि शटर वर केलं होतं. पावलं आली. डावीकडचे पाटे करकरले. मिस्त्रींनी चावी फिरवली.

ढिम्म.

पुन्हा फिरवली. मामी मागे बसलेल्या होत्या. मलमाचा वास येत होता. तरी गाडी चालू होईना.

मग त्यांच्या ध्यानात आलं. गाडी थांबली होती. अजून कुणीतरी यायचं होतं.

वर खोलीची कडी सरकली. जिन्यावर पावलं वाजली, संथ, घड्याळासारखी ठेक्यात, न घासणारी. मिस्त्रींचं काळीज एकदम भरून आलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी शटर ओढताना त्यांनी दुसरं काय मागितलं होतं? डोळे पुसून, शेजारच्या सीटवरचं सामान घाईघाईने बाजूला सारून ते कान देऊन ऐकत राहिले.

बायकोचं पाऊल त्यांनी झोपेतही ओळखलं असतं.

हे तिचं नव्हतं.